टोपीवाली अक्षरं

अकोला, ता. २७ ऑगस्ट १९३८

सत्यवती,

तं ‘ळ’वरच थांबलं होतं न आपलं? तू म्हणत होती का आपल्याकडं हे अक्षर तोंडानं कोणी नीट बोलतच नाई, मंग बोटाले काहून तरास. मी म्हणलं होतं, उद्या सांगतो. अन् दुसऱ्या दिवशी गोवर्धन तुले राखीसाठी न्याले आला. म्हणून आता सांगतो. ‘ळ’ मी नवा काढला. पहिल्याचे दोन डोळे एकमेकाले चिकटत होते, शाई भरली का दोन्ही बुजून जात. आता डोळे मोकळे ठेवले, टोकं गोल केली, जाडी सगळीकडं सारखी. खाली मोठा काढून देतो, बोट फिरवून पाहा.

हे सगळं पत्र मी गोल टाकानंच लिहून राहिलो. म्हणजे तुले गोवर्धनच्या तोंडून ऐका लागणार नाई. नवऱ्याचं पत्र साळ्यानं वाचून दाखवावं हे काही बरं नाई. या टाकाचं टोक लहान टिकलीवानी गोल असते, कसाही फिरवा, रेघ तेवढीच येते. बोरूचं तसं नसते. बोरू एका बाजूनं फुगते अन् दुसऱ्या बाजूनं सुकते. फक्त एक आहे, गोल टाकाचं अक्षर जागा लय खाते. पोस्टमन म्हणन, ‘‘काय बाबूजी, ग्रंथ पाठवून राहिले काय सासऱ्याले?’’

तुले आठवते काय, मागच्या साली तू चुलीतली राख जमिनीवर पसरून बसली होती. मी म्हणलं, ‘‘क काढ.’’ तू बोटानं काढला. मी पाहतच राहिलो. मी अमरावतीच्या हायस्कुलात इंग्रजीत शिकलो, इंग्रजी टाइपाचे कॅटलॉग पाहू पाहू डोळे खराब केले. त्यात असं गोल टोकाचं अक्षर होतं, साबणाच्या अन् सायकलीच्या जाहिरातीले वापरतात. त्याले ना शेपूट, ना काटा, ना कुठं जाड, ना कुठं बारीक. मले वाटे, आपल्या मराठीत असं कधी होईन. अन् ते तुह्या चुलीपुढं राखेत पडलं होतं. बोट जिथं टेकलं तिथं गोल, जिथं उचललं तिथं गोल.

वरची रेघही तू हर अक्षराले वेगळी दिली. तिले तू टोपी म्हणली. ‘‘हरेकाची आपली आपली टोपी. कोणाची कोणाले लागली नाई पाह्यजे.’’ मी तसंच ठेवलं. सगळी अक्षरं तशीच काढली, अन् तुले त्याच्यावरच शिकवलं.

पोळा झाला. मी वलगावले गेलो होतो. बाबा वांग्याच्या वाफ्यात उभे होते, विचारत होते, ‘‘सून कुठी आहे?’’ म्हणलं, येते चार दिवसांनी. सभेतल्या गोष्टीचं मी काही मनावर घेतलं नाई. तूही घेऊ नको.

पुंडलिक


अकोला, ता. १५ सप्टेंबर १९३८

सत्यवती,

गौरी होऊन गेल्या, तरी तुही ओळ नाई. मले वाटते पाकीट पोचलं नसन. म्हणून या टायमाले रजिस्टर करून राहिलो.

सभेचं मी काढणार नोतो. पण तू त्याच्यावरूनच बसली असशीन तं एकदा नीट सांगून टाकतो. चूक तुही नोती.

वकीलसाहेबांच्या माणिकबाईंनीच मले म्हणलं होतं, का प्रौढ बायकांच्या साक्षरतेची सभा आहे, तुमच्या मंडळींले घेऊन या. मीही गेलो तुले घेऊन. तू ते हिरवं लुगडं नेसली होती. माह्या तक्त्यावरचं तू खडाखडा वाचलं. ‘आज मळ्यात पाणी आले.’ ‘कमला भाकर करते.’ टाळ्या पडल्या न? त्या टाळ्या खऱ्या होत्या. मंग माणिकबाईंनी टेबलावरचा पेपर उचलून तुह्या हाती देला, म्हणल्या, ‘‘आता हे वाचा बरं, कोणतंही.’’ त्यांचा हेतू वाईट नोता.

तू पेपर पाहत राहिली. मंग उलटा करून पाह्यला. मागच्या बाया हसल्या. मी तेव्हाच उठून सगळ्यांले समजावून सांगतलं का दोष त्या पेपरच्या टाइपाचा आहे. त्यात वरची रेघ सलग ओढली असते, सगळी अक्षरं एका दोरीवर धुणं वाळत घातल्यावानी लटकली असतात, कुठं कोणतं सुरू झालं अन् कुठं संपलं हे नव्या माणसाले समजतच नाई. हे मी फळ्यावर काढून दाखवलं. लोकांनी चांगलं ऐकलं. डेप्युटी इन्स्पेक्टरसाहेबांनी दोन प्रश्नही विचारले. तू तोपर्यंत पेपर हातात घेऊन तिथंच उभी होती, हे मले मंग शेजारच्या वच्छलाकाकूंनी सांगतलं.

घरी येताना टांग्यात तू बोलली नाई. मी बोलून राहिलो होतो, म्हणून मले समजलं नाई.

आता माहा विचार ऐक. तुले दुसरं अक्षर शिका लागणार नाई. मी दुसरं अक्षरच बदलवतो. आमच्या वामनरावांच्या प्रेसात माह्या टाइपाचं काम सुरू झालं तं पहिले जाहिराती निघतीन, मंग शाळेची पुस्तकं, मंग पेपर. एका वर्षात तू बजारातून चालशीन तं दोन्ही बाजूले तुही अक्षरं असतीन, टोप्या घालून. तेव्हा माणिकबाईंच्याच हाती एखादा पेपर देऊ अन् म्हणू, वाचा.

वामनरावांले मी सांगतलं. ते चष्मा काढून म्हणाले, ‘‘पुंडलिक, तू मेट्रिक झाला तेव्हाच मले भेव वाटलं होतं.’’ पण नाई म्हणाले नाईत.

पुंडलिक


अकोला, ता. ८ ऑक्टोबर १९३८

सत्यवती,

दसऱ्याले तू येशीन असं वाटलं होतं. सोनं द्याले घरात कोणी नोतं, म्हणून मी वच्छलाकाकूंले देऊन आलो. त्या म्हणल्या, ‘‘काय व बाप्पा, माह्या सत्यवतीचं सोनं मले?’’ त्याही तुह्यासंगं शिकल्या होत्या न, राखेत बोट घालून. आताही ओट्यावर बसून तक्ता वाचतात.

पण खबर चांगली आहे. लाकडी अक्षरं तयार झाली. सागवानाची, चार बोटं उंच. सुतारानं पहिले टोकं चौकोनी कापली, म्हणे गोल कराचं तं गिरमीट पुरत नाई. मी म्हणलं, राखेतलं अक्षर आहे, त्याले कोपरे कुठून येतीन? मंग त्यानं कानशीनं घासू घासू केली. हातात घेतलं तं भाजलेल्या शेंगेवानी लागते. तुले पाठवाले एक ‘स’ बाजूले ठेवला आहे.

पहिलं पोस्टर सरकीच्या पेंडीचं निघालं. लाल शाई, पिवळा कागद. स्टेशनापासून तिलक रोडपर्यंत लागलं. मी उलटा चालत गेलो पाहाले, किती दूरवरून वाचता येते. साधं अक्षर ज्या खांबापाशी बंद पडते, त्याच्या पुढच्या खांबापर्यंत माहं वाचता येते, कारण बारीक रेघच नाई ना उडून जाले. पावसानं शाई जराशी फुगली तरी गोलच राह्यली. बोटानं काढलेलं मातीत टिकते, ते भिंतीवर टिकन नाई काय?

प्रेसात नत्थुजी कंपोझिटर आहेत, त्यांले मात्र पटत नाई. ते अक्षरं जुळवताना म्हणतात, ‘‘हे काय व्हय लेका, शेवया का जिलब्या?’’ अन् दोन दिवसांनी सराफ्यातल्या मिठाईवाल्यानं खरंच बोर्ड मागतला. ‘जिलेबी’ लिहून देली. लय शोभली. नत्थुजी म्हणे, ‘‘पाय, अक्षराले आपलं घर सापडलं.’’ सगळे हसले, मीही हसलो.

लहान टाइपात मात्र एक खोड दिसली. पोस्टरात टोप्या दूर दूर असल्या तरी चालते. बारीक केलं तं दोन टोप्यांच्या मधली फट दातातल्या फटीवानी दिसते. शब्द सुटा सुटा होते, एक शब्द कुठं संपला अन् दुसरा कुठं सुरू झाला समजत नाई. म्हणजे जे तुले पेपरात झालं ते पेपर वाचणाराले माह्या अक्षरात होते. हे मी वामनरावांले सांगतलं नाई. उपाय काढीन.

तुह्यासाठी एक पुस्तक केलं, हातानं. चार गोष्टी आहेत, गोल अक्षरात. पार्सल वेगळं पाठवलं. ‘कमला भाकर करते’च्या पुढं कमलाचं काय झालं ते त्यात आहे.

दिवाळीले मीच येतो अचलपूरले.

पुंडलिक


अकोला, ता. ३० ऑक्टोबर १९३८

सत्यवती,

मूर्तिजापूरले लहान गाडी अर्धा दिवस उभी राह्यली, म्हणून दुपारी पोचलो, सकाळी नाई. नाईतर मी पाडव्याच्या ओवाळणीच्या वेळेले आलो असतो. तू म्हणशीन, वेळेवर कधी आले तुमी. म्हणून लिहितो.

तुह्या बाबांनी मले झेंडूच्या वाफ्यापाशीच थांबवलं. मामाजी कधी कठोर बोलत नाईत, त्याचंच मले भेव लागते. त्यांनी पहिले पाणी विचारलं, मंग पाऊसपाणी विचारलं, मंग वलगावच्या वांग्याचा भाव विचारला. मंग म्हणाले, ‘‘जावाई, पोरगी इथं खाऊन-पिऊन बरी आहे.’’

मी म्हणलं, ‘‘न्याले आलो.’’

‘‘तिले विचारा. मी आडवा येत नाई अन् पुढंही ढकलत नाई.’’

गोवर्धन मधात बोलला, ‘‘दाजी, तुमचं पाकीट आलं का सगळी गल्ली विचारते, काय आलं. एवढं जाड पाकीट आमच्याकडं फक्त कोर्टातून येते.’’

तू आली. मी तुले पार्सलचं विचारलं. तू म्हणली, वाचलं. मले वाटलं आता बोलशीन कमलाबद्दल. तू जे बोलली ते मी गाडीत पुन्हा पुन्हा आठवलं, म्हणून जसंच्या तसं लिहून राहिलो. चुकलं असन तं सांग.

‘‘तुमचं तेवढंच वाचता येते मले. मायले ताप होता, दवाखान्यातून बाटली आणली. त्याच्यावरची चिठ्ठी घेऊन मी उभी, अन् गोवर्धनची वाट पाहून राहिली. मोटारीवर गावाचं नाव लिहिलं असते, ते नाई येत. मंग मी काय शिकली?’’

मी तुले म्हणलं का मुंबईच्या फौंड्रीले मी नमुने पाठवून राहिलो, अन् एकदा का टाइप ओतून आला तं बाटलीवरची चिठ्ठीही गोल अक्षरात छापता येईन.

तू माह्याकडं पाह्यलं. तशी तू सभेत त्या पेपरकडं पाहत होती.

मंग तुह्या मायनं आतून हाक मारली, ‘‘सत्यवती, पोळ्या करपून राहिल्या.’’ करपल्याचा वास मले काही आला नोता. तू आत गेली ती बाहीर आली नाई. जाताना मी ओट्याकडं पाह्यलं. भिंतीले एक पाटी टेकून ठेवली होती, लिहिलेली बाजू भिंतीकडं. मले वाटलं लहान पोरापाराची असन.

तो लाकडी ‘स’ मी गोवर्धनपाशी देला. तो म्हणे, ‘‘याचं काय कराचं दाजी?’’ मी म्हणलं, तिले दे, तिले समजन. तिच्या नावाचा व्हय.

फौंड्रीचं उत्तर आलं का लिहितो.

पुंडलिक


अकोला, ता. ११ डिसेंबर १९३८

सत्यवती,

फौंड्रीचं उत्तर आलं. इंग्रजीत आहे, मी तुह्यासाठी मराठी करतो.

ते म्हणतात, नमुने नवीन आहेत, तरुण माणसाचा उत्साह दिसते. पण मराठीचा टाइप म्हणजे ‘क’पासून ‘ज्ञ’पर्यंत काढून भागत नाई. अर्धी अक्षरं लागतात, जोडाक्षरं लागतात, वरच्या मात्रा, खालचे उकार, सगळं धरून शेकड्यांनी ठसे होतात. मी काढली होती ती तुले लागतीन तेवढीच. ‘भाकर’ होते, ‘कमला’ होते, ‘मळा’ होते. ‘स्त्री’ होत नाई. ‘राष्ट्र’ होत नाई. पेपरात ‘राष्ट्र’ तं रोज लागते.

अन् खाली लिहिलं आहे का शिरोरेषा अखंड केल्याशिवाय हा टाइप पुस्तकाच्या कामाचा नाई. गोल टोकं पायाशी ठेवा, डोक्यावर ठेवू नका. वरची रेघ चौकोनी कापून एकमेकीले भिडवा, मंग पुन्हा पाठवा, विचार करू.

शिरोरेषा म्हणजे टोपी. ते म्हणतात, टोप्या काढा अन् सगळ्यांच्या डोक्यावरून एकच पागोटं गुंडाळा.

मी करून पाह्यलं, तुह्यापासून काय लपवाचं. ‘सत्यवती’ लिहिलं, वरची रेघ जोडून, खाली टोकं गोल ठेवून. चांगलं दिसलं, खरं सांगतो. नत्थुजीनं मागून पाह्यलं अन् काहीच बोलला नाई, म्हणजे चांगलंच दिसलं असन. पण ते तुले वाचता आलं नसतं. तुहंच नाव. मी तो कागद शेगडीत टाकला.

आता सांग, ज्याच्यासाठी केलं त्यालेच वाचता येणार नाई असं काय कराचं? वामनराव म्हणतात, ‘‘अबे, हट्ट सोड. जोड ती रेघ. टाइप निघाला तं तुहं नाव होईन.’’ मी म्हणलं, विचार करतो. करून राहिलो नाई.

थंडी लय पडली आहे. तुही घोंगडी इथंच राह्यली. पाठवू काय, का घ्याले येशीन?

पुंडलिक


अकोला, ता. २२ जानेवारी १९३९

सत्यवती,

तिळगूळ पाठवला तो पोचला असन. हलव्याचे दाणे मी मुद्दाम गोल निवडले, काटे नसलेले. सवय लागली.

लाकडी अक्षरं वामनरावांनी एका जिनिंगवाल्याले देऊन टाकली. प्रेसात ठेवाले जागा नाई म्हणे, अन् सरकीच्या पेंडीचा हंगाम सरला. मले वाटलं, जिनिंगवाला कापसाच्या गाठींवर छापे मारन, गाठी मुंबईले जातीन, तिथून विलायतेले. तुह्या बोटाचं अक्षर विलायतेले. मी काल पाहाले गेलो. त्यांनी अक्षरं भिंतीवर ठेवून भवताली चुना मारला, मंग अक्षरं उचलून त्या जागी डांबर भरलं. लांबूनच वाचता येत होतं, पहिल्याच खांबापासून. ‘येथे थुंकू नये.’

नेमकं तिथंच लोक थुंकून राहिले होते. एक हमाल म्हणे, ‘‘बाबू, मले वाचता येत नाई.’’ दुसरा त्याले म्हणे, ‘‘अबे, एवढं तं मले बी येते, जिलबीवाल्याचा बोर्ड व्हय.’’

मी हसलो. हसत हसत घरी आलो. मंग हसू आलं नाई.

दुसरं लिहाचं नोतं, पण लिहितो. परवा वच्छलाकाकू आल्या, पदरात कार्ड घेऊन. त्यांचा महादेव खांडव्याले मिलमध्ये आहे, त्याचं. म्हणल्या, ‘‘वाचून दे रे बाप्पा.’’ मी म्हणलं, ‘‘काकू, तुमाले तं येते वाचता.’’

‘‘मले बी वाटलं येते. सकाळपासून धरून बसली. तक्त्यावरचं येते, हे नाई येत. हे कोणत्या देशाचं अक्षर व्हय?’’

‘‘आपल्याच देशाचं काकू.’’

‘‘मंग आपण कोणत्या देशाचं शिकलो?’’

त्यांनी मस्करीनं विचारलं. त्या तशाच आहेत, तुले माहीत. मी कार्ड वाचून देलं. महादेवचं ठीक आहे, खोकला होता तो कमी झाला, उन्हाळ्यात येते. काकूंनी कार्ड परत घेतलं, त्याच्यावर बोट फिरवत राहिल्या, टोप्या शोधत. मंग म्हणल्या, ‘‘यात महादेव कुठी लिहिला आहे, तेवढा दाखव.’’ मी दाखवला. ‘‘हा एवढा? अन् हे सगळं याले चिकटलेलं?’’ मी नखानं कार्डावर रेघा मारून अक्षरं सुटी करून देली. कार्ड मधातून फाटलं.

सत्यवती, मी तुले सभेत नेलं नसतं तं समजलंच नसतं, असं मी आतापर्यंत म्हणत होतो. आता म्हणत नाई.

बाटलीवरची चिठ्ठी तुले येत नोती, हे तू सांगतलं तेव्हा मी फौंड्रीचं बोलून राहिलो होतो. मायचा ताप उतरला काय हे मी विचारलंच नाई. उतरला काय?

तू ये. मी तुले साधं अक्षर शिकवतो. रोज, दोन्ही टाइम. पेपर घेऊन बसू. माणिकबाईंले नाई सांगत. कोणालेच नाई सांगत.

पुंडलिक


अकोला, ता. १९ मार्च १९३९

सत्यवती,

तुहं कार्ड मिळालं.

प्रेसात आलं. नत्थुजीनं माह्या हाती देलं अन् म्हणे, ‘‘कोण्या मास्तराचं दिसते.’’ मी पहिले पाठीमागचं पाह्यलं, पत्ता. मलेही वाटलं मास्तराचंच. मंग खाली नाव पाह्यलं.

मी ते तिथंच उभं राहून वाचलं, मंग घरी येऊन वाचलं. तू काय लिहिलं हे तुले माहीत आहे, तरी मी इथं उतरवून काढतो. मी बरोबर वाचलं का नाई ते पाहा.

‘सा. न. वि. वि. तुमची सगळी पाकिटे मिळाली. आईचा ताप दिवाळीतच उतरला. मी दिवाळीच्या आधीपासून परतवाड्याच्या मुलींच्या शाळेत जाते. लहान पोरींच्या मागे बसते. त्या मला मावशी म्हणतात. बाई चांगल्या आहेत, म्हणतात फायनलपर्यंत आलीस तर पुढे मास्तरीण होशील. बाबा हो म्हणाले. मी आता अकोल्याला येणार नाही. रागावून लिहीत नाही. तुम्ही शिकायला ये म्हणता, पण मी शिकले. घोंगडी वच्छलाकाकूंना द्यावी. एक सांगायचे. तुमची पत्रे वाचताना आता मला अडते. प्रत्येक टोपीपाशी नजर थांबते आणि शब्द लागत नाही. शेवटचे पत्र गोवर्धनकडून वाचून घेतले. लिहिणे झाल्यास साध्या अक्षरात लिहावे. स. ’

‘स. ’च्या खाली तू काही काढलं होतं अन् खोडलं. काय होतं ते मी उजेडात धरून पाह्यलं, दिसलं नाई.

म्हणजे ती भिंतीकडं तोंड केलेली पाटी तुही होती. मी ती उलटी करून पाह्यली असती तं तेव्हाच समजलं असतं. पण मी लाकडी ‘स’ देण्याच्या गडबडीत होतो.

तुहं अक्षर मी लय टाइम पाह्यलं. बोरूचं आहे. जाड तिथं जाड, बारीक तिथं बारीक. ‘शिकले’मधला ‘श’ जरासा पोटातून फुगला आहे, पण पहिल्या सालाले सगळ्यांचाच फुगते. ‘प्रत्येक’ तू बिनचूक लिहिलं, तो ‘त्ये’ मले गोल टाकानं कधी नीट जमला नाई. अन् वरची रेघ तू शब्द झाल्यावर ओढते, एका दमात, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत. मधात कुठंही हात उचलला नाई. एकच जागा सोडून. ‘वच्छलाकाकूंना’ लिहिताना तू ‘ला’पाशी थांबली अन् पुन्हा सुरू केलं. तिथं बारीकशी फट आहे. मी तेवढ्यावर नख ठेवून पाह्यलं.

घोंगडी वच्छलाकाकूंले देली. त्यांनी विचारलं, कार्डात काय आहे. मी म्हणलं, सत्यवती शाळेत जाते. त्या म्हणल्या, ‘‘मंग मले बी सांग म्हणा, ते चिकटलेलं कसं वाचतात.’’ मी तुह्या कार्डावरूनच त्यांले शिकवाले बसलो. चालन न तुले? फक्त पत्ता शिकवतो, आतलं नाई.

बाबांले मी सांगतलं नाई अजून. ते वलगावच्या बजारात लोकांले सांगतात, सून माहेरी शिकून राहिली. त्यांनी हे मनानंच बनवलं होतं, तोंड झाकाले. ते खरं निघालं हे त्यांले कसं सांगू.

फौंड्रीले मी परत लिहिलं नाई. तक्ते काढून ठेवले. गोल टाक नत्थुजीले देला, तो त्यानं गोणपाटावर नंबर टाकाले घेतला. जिनिंगच्या भिंतीवरचं अजून तसंच आहे, त्याच्यावर आता पिंका आहेत, पण वाचता येते.

तुले न्याले मी येणार नाई. तू लिहिलं ते मी समजलो, अन् गोवर्धनले त्रास नको. तुही पाटी कोणी भिंतीकडं फिरवू नये, एवढंच.

हे पत्र मी साध्या टाकानं लिहून राहिलो. दोन वर्षांत हाताची सवय मोडली आहे. ‘भ’ अन् ‘म’ एकसारखे येऊन राहिले, दोन कागद फाडले. वरची रेघ शब्द संपल्यावर ओढली, तुह्यावानी, पण माही मधातच थरथरते, अन् लांब शब्दाले पुरत नाई. तू आता रोज लिहिते, तुले जास्त समजते. गोवर्धनले देऊ नको, तूच वाच, अन् एकाच ओळीत सांग: कसं आलं माहं अक्षर, वाचता येते काय तुले?

पुंडलिक